खोलीतला बेस गाडीत बदलतो, आणि डेमो नेमका कुणाला पाठवायचा?

एकशेवीस_बीपीएम
नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला. दिवसभर बाबांबरोबर बागेत, रात्री जेवणं आटोपली की संगीत. हाऊस आणि टेक्नो यांच्या मधलं, ११८ ते १२२ बीपीएम (मिनिटाला ठोके), बरंचसं ए मायनरमध्ये. चार ट्रॅकचा ईपी (छोटा अल्बम) हाताशी आहे आणि तो नीट बाहेर जावा असं मनापासून वाटतं. दोन गोष्टींवर अडलोय.

पहिली, मिक्स. खोलीत ऐकताना सगळं चोख असतं. किक (ठेक्याचा जाड ड्रम) हवी तेवढी, बेस तिच्या शेजारी. तोच बाऊन्स (मिक्सची काढलेली फाईल) मामाच्या गाडीत लावला की किक सगळ्यांच्या डोक्यावर बसते. हेडफोनवर आणखी तिसरंच. खरं कुठलं मानायचं?

दुसरी, लेबल. डेमो पाठवायच्या आधी पैसे देऊन मास्टरिंग (तयार मिक्सवरचा शेवटचा हात) करून घेणं भाग आहे का? आणि मुंबई-पुण्यात न राहणाऱ्या, क्लबमध्ये कधी न वाजवलेल्या माणसाचा डेमो कुणी उघडून ऐकतं का? लेबल नकोच असं कुणाचं मत असेल तर तेही सांगा, पण कारणासकट.

रातांबा
खोलीचं माप काय? स्पीकर कुठे आहेत, तू कुठे बसतोस? हे कळल्याशिवाय ईक्यूबद्दल (कुठले सूर कमीजास्त करायचे याबद्दल) बोलू नये.

एकशेवीस_बीपीएम
१० बाय १०. वर माळा, साडेआठ फुटांवर. जांभ्याच्या भिंती, आतून गिलावा, खाली लादी. स्पीकर पाच इंची. टेबल असं ठेवलंय की मी बरोबर खोलीच्या मध्यावर येतो, कारण मागच्या वायरींना हात घालायला जागा लागते. कोपऱ्यात आजीचं लोखंडी कपाट. हेडफोन सोनीचे एमडीआर-७५०६.

तिरफळ
खोलीच्या मधोमध? मगे ती खोलीच तुका फसवता हा रे बाबा.

चिरेबंदी
तिरफळ म्हणतायत ते अगदी खरं आहे. मी आकड्यांत मांडतो.

आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. तुझ्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर अंतर. ज्या सुराची अर्धी लाट या अंतरात बरोबर मावते, तो सूर भिंतींमध्ये अडकतो आणि जागच्या जागी उभा राहतो. ३४३ भागिले ६.१, उत्तर ५६ हर्ट्झ. खोली चौरस, म्हणून लांबी आणि रुंदी दोघींचा दोष एकाच आकड्यावर. आता तुझा ए मायनर बघ. त्याचा मूळ सूर ए, आणि खालचा ए ५५ हर्ट्झचा असतो. किक तू ट्रॅकच्या सुराला लावली असशील तर ती सरळ या खड्ड्यात गेली.

खड्डा का म्हणतोय? या लाटेचा दाब भिंतीपाशी सर्वात जास्त आणि मध्यावर जवळजवळ शून्य असतो. तू नेमका त्या शून्यात खुर्ची टाकून बसलायस. किक कमी ऐकू येते, तू तिचा फेडर, म्हणजे आवाजाची पट्टी, वर नेतोस. गाडीत तो खड्डा नाही, तिथे तू चढवलेलं सगळं ऐकू येतं.

खात्री करून घे. सिंथमध्ये साधी साईन वेव्ह लाव आणि ४० पासून १२० हर्ट्झपर्यंत हळूहळू सरकव. आवाज बेताचा ठेव, पाच इंची स्पीकरचा जीव जाईल. आधी खुर्चीवर ऐक, मग पाठीमागच्या भिंतीला डोकं टेकून ऐक. पन्नाशी ओलांडली की खुर्चीवर सूर विरत जाईल आणि भिंतीपाशी फुगेल. आजीचं कपाटही कुठल्यातरी एका सुरावर थरथरेल. तो आकडा लिहून ठेव आणि कपाटाच्या दाराच्या फटीत कापडाची घडी सरकव. नाहीतर तो थरथराट तुला बेसचाच भाग वाटत राहील.

टेबल एका भिंतीकडे ने. समोरच्या भिंतीपासून डोकं खोलीच्या लांबीच्या ३८ टक्क्यांवर आणून बघ, म्हणजे तुझ्याकडे पावणेचार फूट. तिथून थोडं मागेपुढे करत कानाने ठरव. डावी-उजवी बाजू मात्र सारखी हवी, आणि स्पीकर कोपऱ्यात कोंबू नकोस.

सड्यावरचा
भिंतीला अंड्यांचे ट्रे लावले तर? आमच्याकडे एका मित्राने पूर्ण खोली भरलीय.

चिरेबंदी
नको. त्याने बोलण्याचा आवाज जरा मऊ होतो, खाली काही फरक पडत नाही. गोधड्या आणि गाद्यांचंही तसंच, त्या वरचा आवाज पितात. कोपऱ्यात रॉकवूलची जाड पॅनेल उभी करावी, निदान सहा इंची, सुती कापडात शिवलेली. ५६ ला तीही पूर्ण पुरणार नाहीत, पण त्याच्या वरचं बरंच ताळ्यावर येतं. माळ्याच्या लाकडी फळ्या खालचा थोडा आवाज स्वतःहून पितात, त्यावर फॉल्स सीलिंग मारायला जाऊ नकोस. आणि पॅनेल भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं जागा सोड. जांभा पावसाळ्यात ओल धरतो, मागून बुरशी चढली तर सगळं फेकावं लागेल.

नाखवा
बुरशीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. जून ते सप्टेंबर साऊंडकार्ड, माईक, कीबोर्ड झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवावेत. कंडेन्सर माईकला ओल सर्वात आधी लागते, फटफट आवाज यायला लागतो. आणि आमच्या पडवीवर पत्रा आहे. पाऊस लागला की रेकॉर्डिंग नावाची गोष्ट विसरायची.

सड्यावरचा
पत्र्यावरचा पाऊस रेकॉर्ड करून ठेवा की! हाय-हॅटच्या खाली काय सुंदर बसतो. १५० हर्ट्झच्या खालचं कापायचं आणि किकला साईडचेन करायचा, म्हणजे किक वाजली की तो खाली बसतो, श्वास घेतल्यासारखा हलतो.

नाखवा
हे करून बघतोच.

कन्सोलवाला
मी देवरुखचा, हल्ली मुंबईत चित्रपटांच्या साऊंडचं काम करतो. चिरेबंदींनी खोलीचं सांगितलं, मी मिक्सचं बोलतो.

किक आणि बेस यांच्यात तळ कुणाचा हे आधी ठरव. दोघांनाही ५० हर्ट्झ हवा असेल तर दोघंही जातात. किक छोटी आणि ६०-७० ला ठेवलीस तर बेसला त्याच्या खाली जागा मिळते. किक खोल हवी असेल तर बेसचा जीव १०० ते २०० मध्ये शोध. गाडी, फोन, छोटे स्पीकर या सगळ्यांवर बेस याच भागातून ओळखू येतो. साईडचेन लावताना रिलीज, म्हणजे आवाज परत वर यायला लागणारा वेळ, ठेक्याशी जुळव. १२० ला एक ठोका बरोबर ५०० मिलिसेकंदांचा असतो, तेव्हा २०० च्या आसपास सुरुवात कर आणि बेस कधी परत वर येतो ते ऐक.

सध्या सगळ्यांना प्रत्येक चॅनलवर हाय-पास (खालचे सूर कापणारा फिल्टर) लावायची सवय लागलीय. मला ती पटत नाही. पॅडच्या खालच्या भागात ऊब असते, ती सरसकट कापली की ट्रॅक पातळ होतो आणि मग ती भरून काढायला प्लगिन शोधत बसायचं. जिथे अडचण ऐकू येते तिथेच काप.

रोज मोनोचं (डावं-उजवं एकत्र करणारं) बटण दाबून ऐक. क्लबची यंत्रणा खाली बहुतेक मोनोच असते, विनाईल कापतानाही खालचा भाग मोनो लागतो. आणि तुझ्या शैलीचा, तुला आवडणारा एखादा प्रकाशित ट्रॅक त्याच सेशनमध्ये ठेव, पण त्याचा आवाज तुझ्या मिक्सइतका खाली आण. मोठा वाजणारा ट्रॅक कानाला नेहमीच चांगला वाटतो, म्हणून समान पातळीवरच तुलना करावी.

मास्टरिंगचं उत्तर: डेमोला पैसे घालवू नकोस. लेबलने घेतला तर बहुतेक वेळा तेच त्यांच्या माणसाकडून मास्टर करतात. मास्टर चॅनलवर काही न लावता, शिखरं −६ डीबीच्या आसपास ठेवून २४ बिट वेव्ह फाईल काढून ठेव, ती त्यांच्यासाठी. ऐकवायला हलका लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) लावलेली दुसरी प्रत.

खाडीकाठ
पण स्पॉटिफायला −१४ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) लागतं ना? मी तर सगळं तेवढ्यावरच आणून ठेवतो.

कन्सोलवाला
−१४ ही त्यांची वाजवतानाची पातळी आहे. मोठा ट्रॅक ते खाली आणून वाजवतात. म्हणून तुम्ही तिथेच मास्टर करायला हवं असं काही नाही. डीजे वाजवणार असतील तर बाजूच्या ट्रॅकशी जुळेल इतका मोठा हवा. ठोका मेला नाही ना, एवढं मात्र बघा, आणि ट्रू पीक, म्हणजे आवाजाचं खरं शिखर, −१ च्या वर जाऊ देऊ नका.

लाटांवर
माझं मत वेगळं आहे. लेबल कशाला हवं? बँडकॅम्पवर स्वतः टाक. डिजिटल विक्रीवर ते १५ टक्के घेतात, पेमेंटचं शुल्क जाता बाकी तुझं, आणि ऐकणाऱ्याचा ईमेलही तुझ्याकडे येतो. लेबल महिनोन् महिने थांबवणार, मग पन्नास-पन्नास वाटणी, तीही आधी खर्च वळता करून. गुहागरात बसून तू जगाला थेट विकू शकतोस, मग मध्ये माणूस कशाला?

सुरंगी
लाटांवर, तुमचा हिशेब बरोबर आहे, पण विकत घेणारा येणार कुठून? एका छोट्या लेबलसाठी मी डेमो ऐकण्याचं काम करते, नाव सांगत नाही. लेबलची खरी किंमत त्याच्या श्रोत्यांत असते. नवीन रिलीज आलं की कोण आहे हे न बघता ऐकणारी काही माणसं, काही डीजे, काही रेडिओवाले. ती जमवायला लेबलला वर्षं लागतात. पहिल्या ईपीला ती मिळाली तर पुढचे तीन तुम्ही बँडकॅम्पवर स्वतः टाका की.

आता आतून हे कसं दिसतं ते सांगते, कारण मूळ प्रश्न तोच आहे.

कोण कुठे राहतो हे मी बघत नाही. गुहागर असो की ग्लासगो. मेल उघडल्यावर मी तीन गोष्टी बघते. एकच लिंक आहे का, ती दाबली की लगेच वाजते का, आणि मेल लिहिणाऱ्याने आमचं आधीचं काम ऐकलंय का. साऊंडक्लाउडची खासगी लिंक सर्वात सोयीची, डाऊनलोड चालू ठेवून. मुदत संपणारी लिंक पाठवू नका, आम्ही कधीकधी फार उशिरा ऐकतो. एमपी३ जोडू नका. चाळीस लेबलांना एकाच मेलमध्ये टाकून पाठवलेलं तर लगेच कळतं आणि ते बंदच होतं.

सर्वात चांगला ट्रॅक पहिला ठेवा. दोन मिनिटांची नुसती किकची सुरुवात डीजेला मिसळायला उपयोगी असते, डेमोत मात्र मी पुढे सरकवते. मिक्समध्ये थोडं उणं असेल तर चालतं, ते सुधारता येतं. कल्पना नसेल तर काही करता येत नाही.

आणि कुणाला पाठवायचं? तुमच्याकडे कुणाचे ट्रॅक आहेत, तुम्ही पदरचे पैसे घालून काय विकत घेतलंय, तिथून सुरुवात करा. बर्लिनचं ट्रेझॉर १९९१ पासून टेक्नोचं घर, शेफिल्डमध्ये सुरू झालेलं वॉर्प १९८९ चं, लंडनचं निन्जा ट्यून १९९० चं. ही नावं ऐकायला आणि शिकायला घ्या, पहिला डेमो तिथेच पाठवायला हवा असं नाही. आपल्याकडे दिल्लीचं किला रेकॉर्ड्स हाऊस-टेक्नोच्या अंगाने काम करतं. त्यांचे अलीकडचे पाच-सहा ईपी ऐका आणि स्वतःला विचारा, माझा ट्रॅक यांच्या मध्ये वाजला तर पाहुणा वाटेल की घरचा? घरचा वाटला तर पाठवा.

सड्यावरचा
ताई, मेलसोबत हापूसची पेटी पाठवली तर?

सुरंगी
पेटी त्याच दिवशी संपेल आणि डेमो रांगेतच राहील. पाठवा मात्र जरूर :)

टेपवाले_काका
तुम्हा मुलांचं वाचून फार बरं वाटलं. एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण इलेक्ट्रॉनिक संगीत म्हणजे बाहेरून आलेलं असं अजून पुष्कळांना वाटतं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाईन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर आला होता आणि तिथे भारतीय संगीतकार त्यावर काम करत होते. आणि १९८२ साली आपल्या मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलंडचं टीआर-८०८ (ड्रम मशीन), टीबी-३०३ (बेस सिंथ) आणि ज्युपिटर-८ (सिंथेसायझर) घेऊन रागांची आख्खी तबकडी डिस्कोच्या ठेक्यावर केली. चित्रपटांच्या वाद्यवृंदात गिटार वाजवणारा माणूस! शिकागोच्या ॲसिड हाऊसमधून ३०३ चा तोच आवाज जगाला कळला तो पुढे, १९८७ च्या सुमाराला. ती तबकडी चालली नाही. २०१० साली हॉलंडमधल्या एका लेबलने पुन्हा काढली तेव्हा जगभर लोक थक्क झाले.

लाटांवर
म्हणजे काका, काम आधीच झालेलं होतं, पोहोचवणारं लेबल २८ वर्षांनी मिळालं. सुरंगीताई, हा मुद्दा तुमच्या बाजूने गेला, मान्य.

देवडोंगर
एकशेवीस, तू कोकणातला आहेस हे दिसू दे. जाखडीची (आपल्या लोकनृत्याची) ढोलकी, घुंगरू, झांज घाल. परदेशी लेबलला ते नवीन वाटेल.

एकशेवीस_बीपीएम
तिसऱ्या ट्रॅकमध्ये आहे दादा. आमच्या वाडीतल्या जाखडीच्या मंडळाची ढोलकी मीच रेकॉर्ड केलीय. पण ती सॉफ्टवेअरच्या ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या आखीव चौकटीवर, बसवली आणि तिचा जीवच गेला.

रातांबा
परदेशी लेबलला नवीन वाटावं म्हणून घालू नये, असं माझं ठाम मत आहे. ट्रॅक पूर्ण झाल्यावर वर भुरभुरलेली ढोलकी लगेच ओळखू येते. तू त्या ठेक्यावर वाढलास ना? मग ट्रॅक त्याच्यापासून उभा कर.

ग्रिडवर तिला ओढू नकोस. जाखडीत बुवा पद संपवत आणतो तेव्हा ढोलकी अंगात आल्यासारखी पुढे सरकते, ते पुढे सरकणंच तर हवंय. एक आवर्तन निवड, फक्त त्याची पहिली थाप किकवर आण आणि बाकीच्या थापा आहेत तिथेच राहू दे. मग त्या थापांची वेळ काढून घे आणि हाय-हॅट आणि शेकर त्यांच्या मागे ने. एबलटन सॉफ्टवेअरमध्ये ग्रूव्ह (थापांची चाल) काढून दुसऱ्या क्लिपला लावता येतो, बाकी सॉफ्टवेअरमध्येही सोय असते. सिंथेसायझर ढोलकीच्या चालीने चालला पाहिजे.

काळा_कोट
मंडळाला विचारलंस का? रत्नागिरीत वकिली करतो म्हणून आधी हाच प्रश्न सुचतो. सादर करणाऱ्या कलाकाराला कॉपीराइट कायद्यात स्वतंत्र हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. ढोलकीवाल्याशी साध्या मराठीत एक कागद कर. रेकॉर्डिंग कुठे वापरणार, किती पैसे देणार, नाव कसं छापणार. त्याचं नाव श्रेयात आलंच पाहिजे.

लेबलच्या करारातही तीन ओळी आधी शोध. हक्क कायमचे देतोयस की ठरावीक वर्षांच्या परवान्यावर, कुठल्या प्रदेशासाठी, आणि मुदत संपल्यावर मास्टर (मूळ रेकॉर्डिंग) परत येतो का. १९५७ च्या आपल्या कायद्यात हक्क हस्तांतराची मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. २०१२ च्या दुरुस्तीनंतर संगीतकाराला त्याच्या रचनेच्या रॉयल्टीतला निम्मा वाटा सोडून देता येत नाही, वारस किंवा कॉपीराइट संस्था सोडून कुणाच्याही नावे करता येत नाही. मात्र परदेशी लेबल करारात त्यांच्या देशाचा कायदा लिहितं, तेव्हा सगळं स्पष्ट लिहून घे. रचनांसाठी आयपीआरएस या कॉपीराइट संस्थेचा सभासद हो, ही संस्था १९६९ पासून आहे.

एकशेवीस_बीपीएम
सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

टेबल भिंतीकडे नेलं. साईन वेव्ह लावली तर चिरेबंदी म्हणाले तसंच, जुन्या जागी ५६-५७ ला सूर जवळजवळ नाहीसा. कपाट ७१ ला थरथरलं. नवीन जागी बसून पहिला ट्रॅक लावला आणि किक इतकी मोठी ऐकू आली की दुसरं काही न करता साडेतीन डीबी खाली घेतली. गाडीत आता तीच किक जागेवर आहे. दोन ट्रॅकमध्ये किक ६५ ला नेली, बेस खाली सोडला.

ढोलकीवाल्या बाबल्यादादांशी बोललो. कागदावर सही करण्याआधी त्यांनी ट्रॅक ऐकायला मागितला. पूर्ण ऐकला आणि म्हणाले, शेवटच्या भागात ठेका दुप्पट करायचा राहिलाय. परवा ते खोलीत येऊन तेवढं वाजवून गेले.

मेल असा लिहिलाय, इंग्रजीतून जाईल. सांगा कसा वाटतो:

"नमस्कार. मी महाराष्ट्राच्या कोकण किनाऱ्यावरच्या एका निसर्गरम्य गावातला उदयोन्मुख निर्माता. लहानपणापासून संगीताची आवड. माझ्या चार ट्रॅकमध्ये परंपरा आणि आधुनिकतेचा संगम आहे. आपल्यासारख्या नामवंत लेबलबरोबर काम करणं हे माझं स्वप्न आहे. खाली लिंक."

सुरंगी
पहिली चारही वाक्यं काढ, कुणीही लिहू शकेल अशी आहेत. त्यांच्या कुठल्या ईपीमुळे तू त्यांच्याकडे आलास ते एका वाक्यात लिही. दुसऱ्यात तुझे ट्रॅक काय आहेत: किती, कुठला वेग, तिसऱ्या ट्रॅकमध्ये जाखडीची ढोलकी, वाजवणाऱ्याचं नाव आणि त्याची परवानगी आहे हे. तिसऱ्या वाक्यात, ट्रॅक कुठेही प्रकाशित नाहीत. मग लिंक. संपलं.

कन्सोलवाला
आणि फाईलला नीट नाव दे. कलाकार, ट्रॅक, बीपीएम. "फायनल_फायनल_२" नको.

एकशेवीस_बीपीएम
लिहिला तसाच. सध्या तीनच लेबलांना पाठवला, तिघांचंही काम माझ्याकडे विकत घेतलेलं आहे. प्रत्येकाला वेगळा मेल.

लाटांवर
उत्तराची वाट किती बघणार आहेस तेही आत्ताच ठरवून ठेव. सहा-आठ आठवड्यांनी एकदा नम्रपणे आठवण कर, त्यानंतर बँडकॅम्प आहेच. मी पहिल्या दिवशी विकत घेणार.

रातांबा
लिंक मलाही पाठवलीस म्हणून ऐकला. तिसरा ट्रॅक फार आवडला, बाबल्यादादांचा दुप्पट ठेका आला तिथे अंगावर काटा आला. एक सांगतो, त्याच जागी तुझा हाय-हॅट ८ हजारांच्या आसपास घुंगरांवर चढतोय. आणि स्टेम्स (वाद्यांच्या सुट्या फाईली) आत्ताच काढून दुसऱ्या हार्डडिस्कवर ठेव, रिमिक्ससाठी मागितले तर वेळेवर धावपळ नको.

एकशेवीस_बीपीएम
हॅट दोन डीबी खाली घेतला, घुंगरू मोकळे झाले. त्याच लिंकवर फाईल बदलली आहे. स्टेम्स निघतायत.